केपटाऊनच्या म्युझियममधल्या मॅडमना थँक्यू

मॅडम, इंग्रजीत थँक्यूचा मेल कालच टाकला, पण नंतर वाचला तर कुरिअर मिळाल्याची पोच दिल्यासारखा वाटला. म्हणून हे लिहितेय, ट्रान्सलेटला टाकून वाचा नाहीतर राहू द्या.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मी ज्यांच्यावर काम करते त्या माश्या गांधीलमाशीच्या गोतातल्याच, पण जेमतेम २-३ मिलिमीटरच्या. मक्या-ज्वारीच्या खोडात शिरलेली अळी हुडकून काढतात, तिच्या अंगात अंडी घालतात आणि मग पिल्लं तिला आतून खातात. आफ्रिकेतली ती कोटेशिया सेसॅमी, कॅमेरॉनसाहेबाने १९०६ ला नाव दिलेली, आणि आपल्याकडची कोटेशिया फ्लेविपेस, तीही त्याचीच, १८९१ ची. शेजारी ठेवल्या तर कोण कुठली हे भल्याभल्यांना सांगता येत नाही, नराचं जननेंद्रिय मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं नाहीतर डीएनए. त्यात आपल्या ज्वारीचा खोडकिडा गेल्या शतकात आफ्रिकेत जाऊन बसला आणि त्याच्यावर उपाय म्हणून १९९३ ला केनियात फ्लेविपेस मुद्दाम सोडली. म्हणजे मूळची तिथली कोण हे बघायचं तर त्याच्या बरंच आधीचे, टाचणीवरचे जुने नमुनेच लागतात, आणि ते असतात तुमच्यासारख्यांच्या कपाटात.

तुमच्याआधी जिथे विचारलं तिथली गंमत सांगते, नाव नाही घेत. एका मोठ्या संग्रहालयाने फॉर्म भरून घेतला, मग अजून एक फॉर्म, मग एकदम गप्प. दुसरीकडून उत्तर आलं की गाईडला लिहायला सांगा, विद्यार्थ्यांच्या मेलना आम्ही उत्तर देत नाही. अहो पण दिलंत की आत्ता!

आणि तुम्ही. मी फक्त माशीचा आणि लेबलचा फोटो मागितला होता. लेबल म्हणजे नखाएवढा कागद, गाव, तारीख, पकडणाऱ्याचं नाव, संपलं. तुम्ही ते टाचणीवरून सोडवून उलटं केलंत आणि मागच्या बाजूचाही फोटो पाठवलात, सोबत एकच ओळ, मागे पेन्सिलने काहीतरी लिहिलंय, उपयोग झाला तर बघा. तिथे लिहिलं होतं की ही मक्यातल्या सेसॅमिया अळीतून निघाली. परोपजीवी माशी कुठल्या अळीतून आली हे कळलं की अर्धं काम झालं, आणि ते पुढच्या बाजूला कुठेच नव्हतं! इतका जुना कागद वर सरकवताना फाटतो, माशीचा पाय तुटतो, हे ज्यांनी हातात चिमटा धरलाय त्यांनाच कळेल. कोणी सांगितलं नव्हतं तुम्हाला. मी स्क्रीनकडे बघत रडले, खरंच.

१८२५ पासूनचं तुमचं म्युझियम, किती जणांनी ते ड्रॉवर उघडून झाकून कीड लागू दिली नसेल. नवीन जात निघाली की पुढे नाव लागतं ते वर्णन करणाऱ्याचं, ड्रॉवर सांभाळणारा कोणाच्या लक्षात पण नसतो. चांगली माणसं बहुतेक अशाच, कोणी बघत नाही त्या जागी काम करत असतात.

पेपरच्या आभारात तुमचं नाव टाकतेय, स्पेलिंग एकदा बघून सांगा. आणि लाज सोडून विचारते, त्याच बॉक्समधल्या बाकीच्या लेबलांच्या मागेही काही आहे का? घाई नाही.