नाटक मंडळालाही वर्षभराच्या नोंदींची सक्ती?

महोदय,

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. त्यावर जे लिहून येते ते बँका आणि बड्या कंपन्यांना डोळ्यांपुढे ठेवून. माझा प्रश्न लहान आहे, पण गोव्यातल्या बऱ्याच मंडळांना तो पडेल.

आमचे हौशी नाट्य मंडळ दरवर्षी जत्रेला नाटक करते. निम्मे कलाकार गावात, बाकीचे वास्को, पुणे, दुबई असे पांगलेले. तालमीच्या वेळा, पदांची ध्वनिमुद्रणे, संहितेच्या पानांचे फोटो, सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचे. 2021 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या नव्या गोपनीयता धोरणावरून गदारोळ झाला, तेव्हा मी मंडळापुढे स्वतःच्या सर्व्हरचा, म्हणजे सगळ्यांचे संदेश पोचवणाऱ्या मधल्या संगणकाचा, विषय काढला. कुंडईच्या एका कारखान्यात संगणक देखभालीचे काम करतो, त्यामुळे तेवढे जमण्यासारखे होते. मॅट्रिक्स या संदेशांच्या मुक्त (कोणालाही वापरता येणाऱ्या) प्रणालीवर चालणारा आमचा सर्व्हर आज माझ्या घरी एका फडताळात, इन्व्हर्टरला जोडून ठेवलेला आहे. वर्षाचा खर्च नाटकाच्या एका रात्रीच्या रंगभूषेपेक्षा कमी. पावसाळ्यात वीज गेली आणि इन्व्हर्टरनेही मान टाकली, की "सर्व्हर खंय गेलो रे?" असे फोन येतात, एवढाच त्रास.

सभासद होणाऱ्याकडे मी मोबाईल क्रमांकही मागत नाही, आधार तर दूरच. (आपल्याकडे साधी खोली आरक्षित करायची तरी आधारचा फोटो पाठवायला सांगतात, आणि लोक निमूटपणे पाठवतात!) खासगी संदेश कूटबद्ध असतात, ते मलाही वाचता येत नाहीत. पण कोण कधी आले, कुठल्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) आले, कुठल्या गटात शिरले, हे सर्व्हरला कळतेच. दुबईतला आमचा नायक रात्री किती वाजेपर्यंत जागा असतो आणि त्याच वेळी आणखी कोण जागे असते, एवढ्या भांडवलावर गावात काय काय रचले जाईल हे सांगायला नको. म्हणून या नोंदी आठवड्याने आपोआप पुसल्या जातील अशी व्यवस्था मी केली आहे.

नवे नियम नेमके उलटे सांगतात. नियम 8 नुसार माहिती हाताळणाऱ्याने ती माहिती आणि तिच्याशी निगडित नोंदी किमान एक वर्ष जपायच्या, सरकारने मागितल्या तर देता याव्यात म्हणून. मे 2027 पासून हे लागू होईल. म्हणजे लोकांच्या खासगीपणासाठी कायदा झाला आणि माझ्या फडताळात आठवड्याऐवजी वर्षभराचा साठा पडून राहणार. तो सांभाळण्यात हयगय झाली तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत. आमच्या मंडळाला कोणी एवढा दंड ठोकणार नाही हे मलाही कळते, पण आकडा ऐकून आमच्या खजिनदारांनी "ते मशीन आधी बंद कर" असा धोशा लावला आहे.

एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी केलेल्या वापराला कायदा लागू नाही. पण जत्रेला अख्ख्या गावापुढे नाटक करणारे मंडळ घरगुती म्हणायचे का? त्यात 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती हवी. आमच्या बालकलाकाराच्या आजीने मला अंगाखांद्यावर खेळवले आहे. तिच्या सुनेकडे आता ओळखीचा पुरावा मागू?

ब्रिटनमध्ये ऑनलाइन सुरक्षा कायद्याने घातक मजकुराबाबतच्या जबाबदाऱ्या संकेतस्थळ चालवणाऱ्यांवर टाकल्या, त्या मार्च 2025 मध्ये लागू झाल्या, तेव्हा हौसेने चालवलेली कित्येक छोटी संकेतस्थळे अशाच धास्तीने बंद झाली. आमच्याकडे तसे झाले तर मंडळी मुकाट्याने व्हॉट्सअ‍ॅपवर परततील.

आपल्या कायद्याच्या कलम 17 मध्ये वाट आहे. माहितीचे प्रमाण आणि स्वरूप पाहून स्टार्टअपसारख्या काही वर्गांना ठराविक तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार केंद्राला आहे. सरकारी यंत्रणांना वगळण्याची सोय तर त्याच कलमात तत्परतेने करून ठेवली आहे! मग नफा न कमावणारी नाट्य मंडळे, भजनी मंडळे, गावातली वाचनालये यांना वर्षभराच्या नोंदींतून मोकळे करणारी अधिसूचना काढायला काय हरकत आहे? गोव्याच्या दोन्ही लोकसभा खासदारांनी आणि राज्यसभा सदस्यांनी हा प्रश्न संसदेत विचारावा. "तुम्हालाही लागू" असे उत्तर आले तरी चालेल, पण ते लेखी आणि वेळेत यावे. मला सर्व्हर चालू ठेवायचा की नाही ते ठरवायचे आहे.

– एक हौशी तबलावादक, केरी, फोंडा