रजिस्टरात वयाचा रकाना नाही

प्रति,
मा. मंत्री महोदय,
लोक स्वास्थ्य व वैद्यकीय शिक्षण विभाग,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

विषय : मुलांच्या भीतीवरचा इलाज आणि माझं काउंटर

सादर नमस्कार.

मी इंदुरात औषधांचं दुकान चालवतो. 27 वर्षं झाली. पत्र मराठीत आहे, तुमच्या कार्यालयात कुणीतरी त्याचं हिंदी करून देईलच. मराठीत अशासाठी, की लोकमान्य नगर, रामबाग, सुदामा नगर इथल्या माझ्या ओळखीच्या घरांनीही ते वाचावं. यातल्या निम्म्या गोष्टी आम्ही एकमेकांपासूनच लपवून ठेवल्या आहेत.

जानेवारी लागला की माझ्याकडे उलटीच्या आणि ॲसिडिटीच्या गोळ्या जास्त खपतात. कारण लग्नाच्या पंक्ती नसतात, नळाचं गढूळ पाणीही नसतं. कारण परीक्षा असतात. एखादी आई येते, स्कूटी बंद न करता बाहेरूनच म्हणते, "भिया, बच्चे के पेट का कुछ दे दो, रोज सुबह दुखता है." मी विचारतो, संडेला दुखतं का? ती थबकते. "नहीं, संडे को तो खेलता रहता है." डॉक्टर नसलो तरी एवढं कळतं, की जे पोट रविवारी सुट्टी घेतं त्याला माझ्या फडताळातल्या कुठल्याच गोळीचा उपयोग नाही. तरी मी गोळी देतो. धंदा आहे.

मोठ्या मुलांच्या चिठ्ठ्या निराळ्या. भंवरकुआंपासून गीता भवनपर्यंत कोचिंगच्या पाट्या तुम्ही पाहिल्याच असतील. तिथला पोरगा येतो, मिसरूड नुकतं फुटलेलं, हातात चिठ्ठी : अल्प्राझोलाम 0.25, रात्री एक. खाली सही-शिक्का असतो. त्या गोळीने अर्ध्या-पाऊण तासात धडधड बसते, झोप लागते, आणि तिचा धोकाही तोच. भीती आपली आपण उतरते हे शरीराला कळायच्या आतच गोळी ती उतरवते, म्हणून पुढच्या वेळी गोळीच हवी असते. सवय लागते, सुटताना त्रास होतो. लहानांच्या चिंताविकारावर हे पहिलं औषध नव्हेच, असं कुठलाही मानसोपचारतज्ज्ञ सांगेल. पण तज्ज्ञांपर्यंत जातंय कोण?

आता घरचं सांगतो. सांगू नये असं हिचं मत होतं, पण सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

आमची धाकटी सातवीत असताना शाळेत जायची बंद झाली. सुरुवात पोटदुखीनेच. मग सकाळी उलटी, मग हात गार, मग "बाबा, आज नको ना". रक्त तपासलं, दोनदा सोनोग्राफी केली, जंत म्हणून औषध दिलं. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. खजराण्याच्या गणपतीला बोलून झालं. शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट नॉर्मल बघून "नाटकं करते" असं तिच्यासमोरच सांगितलं. सहा महिने त्यात गेले. मुलं "मला चिंता वाटते" असं म्हणत नाहीत. आमच्याकडे मराठीत त्यासाठी धड शब्दही नाही. काळजी ही आईने करायची, चिंता कर्त्या माणसाने, आणि मुलांना मात्र पोट दुखायची तेवढी मुभा.

त्या दिवसांत एका रात्री दुकान बंद करताना मी अल्प्राझोलामची एक पट्टी खिशात घातली होती. पाव गोळी द्यायची, सकाळी शाळेत सोडायचं, असा हिशेब. घरी येऊन ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी परत नेली. का नाही दिली, ते आजही नीट सांगता येत नाही. 27 वर्षांच्या धंद्याचं शहाणपण होतं म्हणावं, तर ते पट्टी खिशात घालताना कुठे गेलं होतं?

पुढे ओळखीतून एक मानसशास्त्रज्ञ बाई मिळाल्या. त्यांनी पहिल्या दिवशी मुलीपेक्षा मलाच जास्त प्रश्न विचारले. ती रडली की तुम्ही काय करता? घरी ठेवतो. मग तिला कसं वाटतं? बरं वाटतं. आणि दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी भीती वाढलेली असायची, हे त्यांनी विचारेपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आम्ही मायेने तिला घरी ठेवत होतो आणि शाळा दर दिवशी एक हात उंच होत होती.

उपचार असा होता. कागदावर पायऱ्या काढल्या. सगळ्यात खाली : संध्याकाळी, शाळा बंद असताना फाटकापर्यंत चालत जाणं. मग सकाळी गणवेश घालून फाटकाबाहेर दहा मिनिटं. मग आत, पण फक्त प्रार्थनेपुरतं. मग एक तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. प्रत्येक पायरीवर तिने भीतीला दहापैकी गुण द्यायचे. फाटकावर आठ, थोड्या वेळाने सहा, अजून थोड्या वेळाने चार. आकडा चारवर येईपर्यंत निघायचं नाही, एवढाच नियम. आणि माझं काम? शेजारी उभं राहायचं आणि "घाबरू नको" म्हणायचं नाही. महोदय, आयुष्यात मी पुष्कळ कामं केली, इतकं अवघड एकही नाही. शाळेच्या चौकीदाराने तिसऱ्या दिवशी न विचारता एक स्टूल आणून ठेवलं. या सगळ्या प्रकरणात सरकारी किंवा खाजगी यंत्रणेने स्वतःहून दिलेली मदत म्हणाल, तर ते स्टूल.

सोळा बैठका लागल्या, प्रत्येकीचे हजार रुपये. पूर्ण शाळा सुरू झाली ती पाचव्या महिन्यात.

याला सीबीटी म्हणतात, म्हणजे विचार आणि वागणं हळूहळू बदलत भीती उतरवण्याचा उपचार, हे मला नंतर कळलं. मग सवयीप्रमाणे वाचत बसलो. अमेरिकेत 7 ते 17 वर्षांच्या 488 मुलांवर एक मोठी चाचणी झाली, 2008 साली छापून आली. 12 आठवड्यांनी पाहिलं तेव्हा नुसत्या नकली गोळीवर सुमारे 24 टक्के मुलं सुधारली होती, सर्ट्रालिन या चिंतेवरच्या गोळीवर 55, अशा पायऱ्यांच्या उपचारावर 60 आणि दोन्ही एकत्र दिले तिथे 81 टक्के. म्हणजे मी गोळीच्या विरुद्ध आहे असं समजू नका, मी तीच विकतो. काही मुलांना सर्ट्रालिन किंवा त्याच जातीचं फ्लुऑक्सेटिन लागतंच आणि त्याने आयुष्य सावरतं. पण ही औषधं लागू पडायला काही आठवडे जातात, आणि सुरुवातीच्या काळात काही मुलांच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2004 मध्ये त्याबद्दल काळ्या चौकटीतला इशारा द्यायला लावला. म्हणजे गोळी सुरू केली की मुलाला आठवड्याला कुणीतरी भेटायला हवं, विचारायला हवं. ते कुणीतरी आपल्याकडे कोण आहे?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण 2015-16 मध्ये झालं, बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलं, आपलं राज्य त्यात होतं. 13 ते 17 वयातल्या 3.6 टक्के मुलांना चिंतेचे विकार आढळले. पन्नासच्या वर्गात जवळजवळ दोन. आणि मध्य प्रदेशात मानसोपचारतज्ज्ञ किती, तर लाख लोकांमागे 0.05. वीस लाखांना एक. केरळात तेव्हा लाखामागे 1.2 होते.

कायदे कमी नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 18 मध्ये मुलांसाठीच्या सेवांचा वेगळा उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी सांगितलं, की 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, कोचिंगवाल्यांनी गुणांवरून बॅचेस पाडू नयेत. छान. एका शाळेत मी दारावर 'काउन्सेलर'ची पाटी पाहिली, आत जुने बेंच रचून ठेवले होते. 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मी स्वतः काउंटरवर चिकटवलाय, फुकट आहे, रात्री-बेरात्रीही कुणीतरी बोलतं. पण फोन फाटकापर्यंत सोबत येत नाही.

मागणी मोठी नाही. जिल्हा रुग्णालयात मानसिक त्रासासाठीचा 'मन कक्ष' आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. त्यातूनच मुलांसाठी आठवड्यातल्या दोन दुपारी राखून ठेवा. दुपारीच. ओपीडी सकाळी असते, म्हणजे ज्या पोराला शाळेत बसवायचंय त्याला इलाजासाठी शाळा बुडवावी लागते, हा विनोद कुणाच्या लक्षात कसा आला नाही? आणि ती खोली बालरोग विभागाच्या शेजारी द्या. आमच्या लहानपणी दंगा केला की "बाणगंगेला नेऊन सोडीन" अशी धमकी असायची, कारण मानसिक रुग्णालय तिथे. त्या धाकात वाढलेले आईबाप आज पस्तिशी-चाळिशीत आहेत. ते मानसोपचाराच्या पाटीखाली मुलीला घेऊन बसणार नाहीत, लसीकरणाच्या रांगेशेजारी बसतील.

माणसं कुठून आणायची, हे तुम्ही विचाराल. आपल्याच सीहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना नैराश्यावरचा छोटा उपचार शिकवण्याचं काम झालंय. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या शाळांत प्रशिक्षण देऊन साधे समुपदेशक नेमले. तिथे मुलांचं नैराश्य, दादागिरी, शाळेतलं वातावरण यांत चांगला फरक पडला. तेच काम शिक्षकांकडे दिलं त्या शाळांत पडला नाही. तो अभ्यास चिंताविकारापुरता नव्हता, तरी त्यातून एक गोष्ट घ्या : परिपत्रक काढून हे ओझं शिक्षकांच्या डोक्यावर टाकू नका. त्यांना जनगणनाही आहे, निवडणूकही आहे.

इंदूरच्या माणसाने पत्र लिहावं आणि स्वच्छतेचा विषय काढू नये, हे होणार नाही. 2017 पासून सलग कित्येक वर्षं देशातल्या स्वच्छ शहरांत आम्ही पहिले आलो. ओला-सुका कचरा वेगळा करायला हे शहर भाषणांनी शिकलं नाही, रोज सकाळी दाराशी गाडी आली म्हणून शिकलं. मुलांच्या इलाजाचंही तसंच आहे.

आता शेवटचं, माझ्या धंद्यातलं. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे नोंद ठेवूनच विकायच्या औषधांच्या यादीत येतं. 2014 पासून आम्हाला त्याचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, तीन वर्षं जपून. डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. वय लिहायला रकाना नाही. म्हणजे राज्यात किती मुलं ही गोळी घेतात हे कुठल्याही दुकानातून, कुठल्याही निरीक्षकाला कळणं शक्य नाही. नियम दिल्लीचा आहे, ठाऊक आहे. पण औषध प्रशासन तुमच्याच खात्यात येतं, आणि एक रकाना वाढवा असं दिल्लीला लिहायला निविदा काढावी लागत नाही.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. रुग्णाच्या नावापुढे पेन्सिलीने वय लिहितो. पहिल्या पानावरचा सगळ्यात लहान आकडा 13 आहे. निरीक्षकांना पाठवा, रजिस्टर दाखवतो. दुकान सकाळी नऊला उघडतं, पण शक्यतो दहानंतर यावं. तोवर मी अजूनही कधीकधी शाळेच्या फाटकावर असतो, आता दुसऱ्या एका पोरासोबत. त्याची आई कामावर जाते आणि चौकीदाराला स्टूल कुठे ठेवायचं ते माहीत आहे.

आपला,
एक औषधविक्रेता
इंदूर