खाणमंत्र्यांना खुले पत्र: पाणी लागण्याआधी विहिरीचा नफा

मा. केंद्रीय खाणमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

मी नाशिकचा चार्टर्ड अकाउंटंट. सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे ताळेबंद करण्यात वर्षं गेली. त्यात एक क्लायंट निराळा आहे: खनिज शोधणारी छोटी कंपनी. ऑफिस इथे, काम विदर्भात. आमच्याकडच्या काळ्या पाषाणात झिओलाइटचे देखणे स्फटिक सापडतात खरे, पण मॅंगनीज, तांबं शोधायचं तर भंडारा-चंद्रपूरच गाठावं लागतं.

कर्जासाठी गेलो तेव्हा बँकेतल्या साहेबांनी पहिलाच प्रश्न केला, "ऑपरेटिंग मार्जिन किती?" मी सांगितलेला आकडा ऐकून ते खूश झाले. मला मात्र तो सांगताना लाज वाटली.

समजा सरकारी शोधकामाचं १०० रुपयांचं बिल झालं. रिग (जमिनीत भोक पाडणारं यंत्र), डिझेल, मजुरी, नमुन्यांची तपासणी, घसारा धरून ८८ गेले. मार्जिन १२ टक्के. कारखानदारही हेवा करेल! पण बिलाचे पैसे वर्षभर आले नाहीत, तर त्या ८८ रुपयांवर १२ टक्क्यांनी साडेदहा रुपये व्याज चढतं, आणि ते मार्जिनच्या खालच्या ओळीत बसतं, म्हणून त्या १२ टक्क्यांत दिसतच नाही. जीएसटी तर बिल फाडल्यावर पुढच्याच महिन्यात खिशातून भरलेला असतो. मग उरलं काय? लघुउद्योगांचं बिल ४५ दिवसांत द्यावं, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावं, असं २००६ चा कायदा सांगतो. ते व्याज मागितल्यावर पुढचं काम कोण देणार, हे मात्र तो सांगत नाही.

आणि साहेब, हे पैसे नाहीत असंही नाही. आमच्या कामाचे पैसे ज्या सरकारी न्यासातून येतात, त्या शोधकामाच्या न्यासात २०१५ पासून खाणवाले रॉयल्टीच्या (सरकारला द्यायच्या खनिजशुल्काच्या) २ टक्के भरत आले, २०२५ च्या दुरुस्तीत ते ३ टक्के झाले.

दुसरी गोष्ट २०२३ मध्ये आलेल्या एक्स्प्लोरेशन लायसन्सची, म्हणजे खनिज शोधण्याच्या परवान्याची. कल्पना चांगली: लिथियम, तांबं, सोनं अशी २९ खनिजं खासगी कंपन्यांनी शोधावीत. पण कमाई कधी? शोध लागला, राज्याने खाणीचा लिलाव केला, खाण चालू झाली, की लिलावाच्या प्रीमियममधला, म्हणजे खाण घेणारा बोलीप्रमाणे राज्याला देतो त्या रकमेतला वाटा. तोही छोटा, कारण सर्वांत कमी टक्का मागेल त्यालाच लायसन्स मिळतं. लायसन्स ५ वर्षांचं, फार तर आणखी २. तेवढ्या काळात विक्री शून्य, म्हणजे मार्जिन काढायला भागाकारच होत नाही. बोअर कोरडा गेला तर आमच्या वहीत तो निव्वळ तोटा. पण तिथे खनिज नाही ही माहिती सरकारदरबारी जमा होते, तिचा उपयोग पुढच्याला होतोच की.

द्राक्षबागेला पहिलं पीक यायला दीड-दोन वर्षं लागतात हे आमच्या निफाड-दिंडोरीकडच्या बँकांना कळतं. त्या वेलीला आधी नफा विचारत नाहीत.

माझं मागणं एवढंच. न्यासाच्या कामाचं बिल ड्रिलिंगच्या मीटरप्रमाणे टप्प्याटप्प्याने काढा आणि ४६ व्या दिवसापासूनचं व्याज आम्ही न मागताच त्या बिलात जोडा. लायसन्सधारकाच्या कर्जाला बँकांनी मार्जिनऐवजी हातातली रोकड किती महिने पुरेल आणि रुपयातले किती पैसे प्रत्यक्ष जमिनीत गेले ते पाहावं, यासाठी अर्थमंत्रालयाशी बोला. हे दोन्ही आकडे मी दर महिन्याला द्यायला तयार आहे, बिनफी.

आपला,
एक चार्टर्ड अकाउंटंट, नाशिक