चिमटा खाली ठेवायला लावल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर,

सादर नमस्कार.

काल रात्री आमच्या कॉर्न स्नेकच्या पिल्लाचे वजन 12 ग्रॅम भरले. आपण त्याला प्रथम पाहिलेत त्या संध्याकाळी ते 5.4 ग्रॅम होते, आणि घरी आणल्यापासून त्याने एकदाही अन्न घेतलेले नव्हते. हा आकडा आपल्याला कळवावा असे मनात आले, आणि लिहायला बसल्यावर जाणवले की आपले आभार मी अजून नीट मानलेलेच नाहीत.

त्या संध्याकाळी मी आपल्याकडे सल्ला मागायला आले नव्हते, हे आज मोकळेपणाने कबूल करते. पिल्लाचे तोंड उघडून अन्न आत कसे ढकलायचे एवढेच मला आपल्याकडून शिकून घ्यायचे होते. ज्यांच्याकडून पिल्लू आणले त्यांनी "हे व्यवस्थित खाते" असे सांगितले होते. पण ते कधी खाल्ले, काय खाल्ले, कात टाकली की नाही, याची एकही नोंद दिली नव्हती, आणि तेव्हा ती मागून घ्यायचे मलाही सुचले नव्हते. त्यानंतर तीन आठवडे मी दर दुसऱ्या दिवशी चिमट्यात पिंकी, म्हणजे गोठवून ठेवलेले उंदराचे बिनकेसांचे नवजात पिल्लू, वितळवून धरून त्याच्या तोंडासमोर हलवत होते. ते मान आखडून मागे सरकत असे, शेपटीचे टोक थरथरवत असे, आणि मी ती पिंकी आणखी जवळ नेत असे. माझ्या दृष्टीने ती काळजी होती. पेन्सिलीपेक्षाही बारीक असलेल्या त्या जिवाला मात्र एक भलामोठा प्राणी दिवसाआड अंगावर चालून येतो एवढेच कळत असणार, हे आपण सांगेपर्यंत माझ्या ध्यानात आले नाही.

आपण पिल्लाला हात लावण्याआधी मला प्रश्न विचारलेत. पेटीच्या उबदार बाजूला जमिनीलगत तापमान किती आहे, आणि ते कशाने मोजले? काचेला चिकटवलेल्या गोल तापमापकावर घरी दिसायचे ते 28 अंश मी सांगितले. घरी जाऊन तारेच्या टोकाचा तापमापक थेट जमिनीवर ठेवून बघा, असे आपण म्हणालात. तो ठेवल्यावर आकडा 39 दिसला. खालची हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, तापमान आवरणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय चालू होती. काचेवरचा तापमापक हवेचे तापमान दाखवत होता आणि पिल्लाच्या पोटाखालची जमीन तापत होती. ते सदैव थंड कोपऱ्यात का बसते याचे उत्तर तिथे मिळाले. सापाच्या शरीराला पचनासाठी लागणारी ऊब बाहेरूनच मिळवावी लागते. उबेच्या जागी बसताच येत नसेल तर त्याने अन्न नाकारणे हे त्याच्या दृष्टीने शहाणपणाचेच होते. इतके दिवस मी त्याला हट्टी म्हणत होते, याचे आजही वाईट वाटते.

त्यानंतर आपण जे सांगितलेत ते मला जवळजवळ काहीच न करण्यासारखे वाटले होते. मोठी काचेची पेटी बाजूला ठेवून, बुटांच्या खोक्याएवढा, हवेसाठी भोके पाडलेला आणि घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यायचा. एका बाजूला थर्मोस्टॅट लावून 29 अंशांच्या आसपास ऊब ठेवायची आणि दुसरी बाजू 23-24 अंशांवर राहू द्यायची. दोन्ही बाजूंना अंग चारही बाजूंनी टेकेल इतकी लहान लपायची जागा द्यायची, त्यांपैकी एकीत ओलसर शेवाळ ठेवायचे. आणि मग पाणी बदलण्यापलीकडे सात दिवस त्याच्या वाटेला जायचे नाही. हाताळायचे नाही, अन्न दाखवायचे नाही, झाकण उघडून "जिवंत आहे ना" म्हणून पाहायचे नाही. डॉक्टर, ते सात दिवस मला फार कठीण गेले. पाचव्या दिवशी मी आपल्याला घाबरून फोन केला, कारण पाणी बदलताना त्याचे डोळे दुधाळ निळसर झालेले दिसले होते. ते कात टाकण्याच्या तयारीत आहे, अशा काळात धडधाकट सापसुद्धा बहुधा खात नाही, तेव्हा सात दिवसांचा हिशेब कात पडल्यानंतर नव्याने सुरू करा, असे आपण शांतपणे समजावलेत. कात अखंड निघाली, डोळ्यांवरच्या खवल्यांसह.

मी सर्वाधिक ऋणी आहे ती आपण आखून दिलेल्या मर्यादेबद्दल. "किती दिवस झाले" हे मोजत बसू नका, वजन मोजा, असे आपण सांगितलेत, आणि कागदावर 5 ग्रॅम हा आकडा लिहून दिलात. वजन त्याखाली गेले तर पिल्लू आपल्याकडे आणायचे आणि पुढचा निर्णय आपण घ्यायचा. तोवर घरी कोणीही त्याच्या तोंडाला हात लावायचा नाही. एवढ्या लहान जिवाला बळजबरीने भरवताना तोंडाला आणि अन्ननलिकेला इजा होऊ शकते, घाबरून ते अन्न उलटून टाकू शकते, आणि उलटी झालेल्या पिल्लाला पुन्हा खाते करणे त्याहून अवघड असते, हे आपण मला न रागावता सांगितलेत. ती मर्यादा नसती, तर मी कुठल्या तरी रात्री धीर सोडून चिमटा पुन्हा उचलला असता. आठवड्यातून एकदा वजन करताना माझे हात थरथरत असत, पण 5.3, मग पुन्हा 5.3, हे आकडे पाहून मी डब्याचे झाकण लावून उठू शकत होते.

कात पडल्यानंतरचा पहिला प्रयत्न फसला. आपण सांगितल्याप्रमाणे नवजात, शक्य तितकी लहान पिंकी रात्री लपण्याच्या जागेच्या तोंडाशी ठेवून दिवा मालवला, आणि सकाळी ती तशीच होती. तेव्हा आपण जे सांगितलेत ते मी आता नवख्या सर्पपालकांना आवर्जून सांगते. हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. तिथे रानात त्याची पिल्ले लहान सरडे आणि झाडांवरचे बेडूक खातात, उंदरांकडे ती वाढल्यावर वळतात. आपण त्यांना पहिल्या घासापासून उंदीर देतो, आणि काही पिल्लांना तो वास अन्नाचा आहे हेच उमगत नाही. आपण स्वतःच्या पाळीव सरड्याची कात एका पुडीत बांधून मला दिलीत. बाहेरची पाल किंवा सरडा पकडून आणू नका, त्यांच्या अंगचे परजीवी पिल्लाला लागू शकतात, असेही बजावलेत.

त्या रात्री मी फ्रिजमध्ये सावकाश वितळू दिलेली पिंकी वास नसलेल्या साबणाचा एक थेंब घेऊन धुतली, भरपूर पाण्याने खळाळून कोरडी केली, पिशवीत घालून गरम पाण्यात कोमट केली, आणि भिजवलेल्या कातीचा तुकडा तिच्या तोंडावर चोळून एक लहानशी कपची तिथेच चिकटवली. मग ती उबदार बाजूला ठेवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मंद उजेडात, मी हालचाल न करता बसले. बऱ्याच वेळाने डोके बाहेर आले. जीभ एरवी झरझर आत-बाहेर होते. ती आता सावकाश, लांब बाहेर येऊन पिंकीवर टेकत होती. सापाची जीभ वासाचे कण टाळूतल्या इंद्रियापर्यंत पोहोचवते हे मी वाचले होते, पण ते काम चाललेले त्या रात्री प्रथम पाहिले. त्याने झडप घातली नाही. पिंकीच्या बाजूने नाक घासत ते डोक्यापर्यंत गेले, तोंड उघडले, आणि खालच्या जबड्याची एक बाजू पुढे, मग दुसरी बाजू पुढे, असे करत जणू अन्नावर चालू लागले. शेवटी गुलाबी शेपटी तेवढी बाहेर राहिली, तीही दिसेनाशी झाली, आणि त्याने दोन मोठ्या जांभया देऊन जबडा जागेवर बसवला. मी तोंडावर हात ठेवून रडत होते, आवाज होऊ नये म्हणून.

पुढचे सात दिवस मी त्याला हात लावला नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी कात चोळली, चौथ्या वेळी ती नुसती टेकवली, सहाव्या वेळी विसरले आणि त्याने तरीही खाल्ले. काल अकरावे जेवण झाले. आता ते पिंकी चिमट्यातून घेते, आणि चिमटा दिसला की मागे सरकण्याऐवजी पुढे येते. त्याच चिमट्याकडे ते असे येताना पाहून प्रत्येक वेळी मला आपली आठवण होते.

वजनांच्या वहीची प्रत या पत्रासोबत जोडली आहे. आपण दिलेल्या कातीतला एक तुकडा अजून शिल्लक आहे; एका ओळखीच्या कुटुंबाच्या पिल्लाने तीन वेळा अन्न नाकारले आहे, तो त्यांना देऊ का, हे कृपया कळवावे. त्यांच्या डब्याच्या जमिनीचे तापमान मी आधी मोजायला सांगितले आहे.

आपली कृतज्ञ,
5.4 ग्रॅमचे पिल्लू घेऊन आलेली सर्पपालक