गेटमन काका, त्या रात्रीबद्दल

गेटमन काका, सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं परवा रेल्वे फाटकावर कळलं. समोर बसून सांगायचं राहून गेलं, म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

ऐन गळीत हंगाम. पुणे-मिरज लाईनवरच्या आपल्या फाटकात माझ्या ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीची जोडणीची पिन तुटली आणि उसानं भरलेली ट्रॉली बरोबर रुळांवर अडकली. मी जॅक शोधत बसलो. तुम्ही केबिनमधून पळत आलात ते ओरडतच, "आधी माणसं उतरवा, ऊस राहू दे!" उसावर तोडकऱ्यांची दोन पोरं झोपली होती. तुम्ही स्वतः ती खाली घेतलीत. मग स्टेशन मास्तरांना फोन, आणि लगेच लाल दिवा घेऊन रुळाच्या कडेनं अंधारात धावत सुटलात.

नंतर मी विचारलं होतं, फाटक उघडं असलं की गाडीला सिग्नल पडतच नाही, मग एवढं पळालात कशाला? "यंत्रावर सोडून बसलो असतो तर रात्रभर डोळा लागला नसता," एवढंच म्हणालात.

त्या रात्रीच कळलं, की भरधाव गाडीला ब्रेक लावल्यावरही थांबायला किलोमीटरभर अंतर लागतं. फाटकाला कुलूप पडल्याशिवाय गाडीला सिग्नल नाही, म्हणून ते आधीपासून बंद ठेवावं लागतं. आणि आम्ही बाहेर हॉर्न वाजवत तुम्हाला शिव्या घालायचो. एका लग्नाच्या दिवशी "दोन मिनिटं उघडा की" म्हणत अंगावर धावून आलेल्यांत मीही होतो, काका. बंद फाटक जबरदस्तीनं उघडलं तर रेल्वे कायदा 1989 च्या कलम 160 खाली 3 वर्षांपर्यंत कैद आहे. तुम्ही तक्रार केली नाहीत. मला माफ करा.

2005 साली नागपूरजवळ कन्हानला वऱ्हाडाच्या ट्रॅक्टरला गाडीनं उडवलं, 50 हून अधिक माणसं गेली. तिथं फाटकावर माणूसच नव्हता. ब्रॉडगेजवरची तसली फाटकं 2019 च्या जानेवारीत संपली. आमच्या फाटकावर तुम्ही होतात, तरी पिन तपासायचं काम माझंच होतं आणि मी ते केलं नव्हतं.

आता आमच्या गावचे ट्रॅक्टर फाटकाच्या अलीकडे थांबतात. एकजण उतरून हूक-पिन बघतो, पोरं खाली उतरवतो, मागची ट्रॉलीही पलीकडे पूर्ण निघेल एवढी जागा पुढे आहे का ते पाहतो. रुळांवर गिअर बदलायचा नाही, हे तुमचंच सांगणं.

गुऱ्हाळ सुरू झालंय. कुठल्या फाटकावर आहात ते कळवा, काकवी घेऊन येतो.

तुमचा,
तो डबल ट्रॉलीवाला