ही संत्री तुमच्यासाठी

नेरुळ, नवी मुंबई
७ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल सकाळी तुर्भ्याच्या फळबाजारात गेले होते. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीला येणारी, नागपुरी संत्री आली आहेत. हाताला जड लागली तेवढीच निवडून घेतली. साल सैल दिसली तर शिळी समजू नका, नागपुरी संत्र्याची साल अशीच सुटी असते. शनिवारी दादा चिपळूणला येतोय, त्याच्याबरोबर दीड डझन पाठवतेय.

मागच्या महिन्यात आले होते तेव्हा फ्रिजच्या खालच्या खणात सात संत्री सापडली. साल चामड्यासारखी कडक झालेली, आतल्या फोडी सुकलेल्या. आई, तू म्हणालीस, "मुलं येतील म्हणून ठेवली होती गं." आणि फ्रिजवरच तुझा रिपोर्ट पडला होता, हिमोग्लोबिन फक्त ९.४. तेव्हा काही बोलले नाही, पण परतताना गाडीत डोळ्यांतलं पाणी थांबेना.

आई, तू लाल माठ खातेस, नाचणीची भाकरी खातेस, कुळथाचं पिठलं तर रोजचंच. लोह पोटात जातं, पण भाजी-धान्यातलं लोह अंगी लागायला अवघड असतं. जेवणाबरोबर क जीवनसत्त्व मिळालं की तेच लोह जास्त शोषलं जातं. म्हणून दुपारी जेवण झालं की पानावरच बसून एक संत्रं सोलून खा. आणि जेवणावरचा चहा बंद कर. चहा नेमका उलटं काम करतो, लोह अडवून धरतो. तास-दीड तासाने पी हवा तर. लोहाची गोळी तू सकाळी चहाबरोबर घेतेस, तीही आता चहाबरोबर नको. ती कधी घ्यायची ते डॉक्टरांना नीट विचार.

बायकांना दिवसाला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. दोन संत्र्यांत त्यातला मोठा वाटा येतो. मात्र हे जीवनसत्त्व शरीरात साठून राहत नाही, त्यामुळे एका दिवशी चार खाऊन भागत नाही.

बाबा, तुम्ही फोड चोखता आणि चोथा ताटलीत टाकता. पोट साफ होत नाही म्हणून रात्री चूर्ण घेता, आणि पोटाला हवा असलेला तंतू त्या चोथ्यातच असतो. नीट चावून गिळा. पांढरे धागेही इतके कोरून काढू नका, तेही खायचेच असतात. रस तर काढूच नका. एका पेल्याला तीन-चार संत्री लागतात, चोथा गाळला जातो आणि साखर भराभर चढते. तुमच्या शुगरला एका वेळी एक अख्खं संत्रं बरं. सकाळी रिकाम्या पोटी नको, तुम्हाला आंबट ढेकर येतात.

संत्रं थंड, सर्दी होते, असं आई म्हणणारच. सर्दी विषाणूंमुळे होते गं. फ्रिजमधलं गार नको वाटलं तर बाहेर टोपलीत ठेव, तसंही चार-सहा दिवसांत संपायला हवीत.

मुलांसाठी त्यातलं एकही ठेवू नका. त्यांची वेगळी आणली आहेत, आत्ता समोर बसून खातायत.

तुमची लेक