वही दोघांनी लिहायची असते : केंद्रीय क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय युवा व्यवहार व क्रीडामंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी क्रिकेट खेळलो थोडं, लिहिलं मात्र भरपूर. एकतीस वर्षं मुंबईच्या मैदानांवर स्कोअरर म्हणून बसलो. आठवडाभर बँकेत, रविवारी आझाद मैदानावर नाहीतर शिवाजी पार्कला. कांगा लीगच्या पावसाळी सामन्यांत सर आली की आधी वही शर्टाच्या आत जायची, मग डोक्यावर छत्री यायची.

आमच्या कामाचा एक नियम तुम्हाला सांगायचा आहे, कारण या पत्राचं सगळं म्हणणं त्यात आहे. स्कोअरर दोन असतात, प्रत्येक संघाचा एक. दोघं एकाच टेबलाशी बसतात, प्रत्येक जण आपल्या वहीत लिहितो आणि षटक संपलं की आकडे जुळवतात. ‘‘एकशे बारा चार.’’ ‘‘एकशे बारा चार.’’ पुढचं षटक. एका धावेचा फरक निघाला तर मागे जाऊन तो शोधायचा, एखादी लेगबाय कुणी फलंदाजाच्या नावावर टाकली असेल ती सापडेपर्यंत. समोरच्या संघाच्या माणसाला वही दाखवायला नकार दिलेला स्कोअरर मी एकतीस वर्षांत पाहिला नाही. भांडणं झाली, पंचांवर माणसं धावून गेली, पण वही उघडी राहिली.

आता मुद्द्यावर येतो. २३ जुलै २०२५ रोजी राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, तेव्हा मान्यताप्राप्त क्रीडा संघटना माहिती अधिकाराच्या कक्षेत येतील अशी तरतूद त्यात होती. मी ती बातमी दोनदा वाचली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट खेळलं जाणार असल्यामुळे भारतीय क्रिकेट नियामक मंडळही (बीसीसीआय, पुढे नुसतं ‘मंडळ’) या कायद्याखाली येणार होतं. पण ऑगस्टच्या सुरुवातीला दुरुस्ती आली. सरकारचं अनुदान किंवा आर्थिक साहाय्य घेणाऱ्या संघटनांपुरताच माहिती अधिकार उरला. ११ ऑगस्टला लोकसभेनं आणि १२ ऑगस्टला राज्यसभेनं विधेयक मंजूर केलं. क्रिकेट मंडळ अनुदान घेत नाही, म्हणून देशातला सर्वांत श्रीमंत खेळ या तरतुदीच्या बाहेर राहिला. तिरंदाजीची, कुस्तीची संघटना सरकारच्या पैशावर चालते म्हणून तिला नागरिक प्रश्न विचारू शकतो. क्रिकेटला विचारू शकत नाही.

ही दुरुस्ती मागे घ्या, एवढीच माझी मागणी आहे.

पैशाबद्दल माझ्या मनात राग नाही, हे आधी स्पष्ट करतो. पैसा नव्हता तेव्हाचं क्रिकेट मी पाहिलं आहे. १९८३ मध्ये आपण विश्वचषक जिंकलो, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष नागपूरचे एन. के. पी. साळवे होते आणि खेळाडूंना बक्षीस द्यायला मंडळाकडे पैसे नव्हते. लता मंगेशकरांनी दिल्लीत कार्यक्रम केला आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. त्या काळाची ओढ मला वाटत नाही. आज रणजी खेळणाऱ्या मुलाला, तो भारताकडून खेळो न खेळो, दिवसाला ४० ते ६० हजार रुपये मानधन मिळतं. २०२२ पासून भारताच्या महिला खेळाडूंना पुरुषांइतकंच सामना मानधन आहे. हे पैशामुळे झालं आणि चांगलं झालं.

पण आकडे केवढे वाढले आहेत ते पाहा. जून २०२२ मध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. ४१० सामने धरून, म्हणजे सामन्यामागे ११८ कोटी. स्कोअररची खोड म्हणून मी पुढे भागाकार केला. दोन्ही डावांचे मिळून २४० चेंडू धरले तर एका चेंडूचे ४९ लाख होतात. वाईड आणि नो-बॉल वेगळे. एवढी रक्कम ज्या खेळात फिरते, त्याचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार कोण आणि कसे निवडले जातात, पैसा कुठे जातो, हा प्रश्न काही मोजक्या सभासदांपुरता कसा राहील?

बाहेरच्यांना प्रश्न विचारता येत नाही तेव्हा काय होतं, ते आपण एकदा पाहिलं आहे. मंडळाच्या नियमांत ६.२.४ हे कलम होतं. मंडळाच्या स्पर्धांत पदाधिकाऱ्याचे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष व्यापारी हितसंबंध असू नयेत, असं ते सांगत होतं. २००८ मध्ये मंडळानं त्यात बदल करून आयपीएल आणि चॅम्पियन्स लीग वगळली. त्या वेळी मंडळात पदावर असलेल्या एन. श्रीनिवासन यांच्या इंडिया सिमेंट्सकडे चेन्नईचा संघ होता. म्हणजे जो स्पर्धा चालवतो त्याच्याच कंपनीचा संघ त्या स्पर्धेत उतरला. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही वह्या एकाच माणसाच्या हातात गेल्या. २०१३ मध्ये स्पॉट-फिक्सिंगचं प्रकरण बाहेर आलं, सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या मुद्गल समितीनं चौकशी केली आणि जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती रद्द केली. मधे सहाहून अधिक वर्षं गेली. बदल झाला त्याच वर्षी एखाद्या वाचकाला, एखाद्या वार्ताहराला माहिती अधिकाराचे दहा रुपये भरून बैठकीचं इतिवृत्त मागवता आलं असतं, तर? मला हा प्रश्न आजही सोडत नाही.

पुढे मंडळाचा कारभार सुधारण्यासाठी सर्वोच्च न्यायालयानं नेमलेली लोढा समिती आली. मंत्र्यांनी आणि सरकारी अधिकाऱ्यांनी पदं घेऊ नयेत, सत्तरी ओलांडलेल्यांनी थांबावं, ठरावीक काळानंतर पदापासून दूर राहावं, असं तिनं सांगितलं. माहिती अधिकाराचीही शिफारस केली. जुलै २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बहुतेक शिफारशी स्वीकारल्या आणि माहिती अधिकाराचा निर्णय मात्र संसदेवर सोपवला. २०१८ च्या एप्रिलमध्ये विधी आयोगानं आपल्या २७५ व्या अहवालात मंडळाला माहिती अधिकार लागू व्हावा असं म्हटलं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला केंद्रीय माहिती आयोगानं तसा आदेशच दिला आणि मंडळ त्याविरुद्ध न्यायालयात गेलं. एक समिती, एक आयोग, दुसरा आयोग, सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली. न्यायालयानं संसदेकडे बोट दाखवलं. संसदेसमोर तरतूद आली आणि तीन आठवड्यांच्या आत ती आखडली गेली. ते विधेयक तुमच्या मंत्रालयाचं होतं, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितो आहे.

‘आम्ही सरकारचा एक रुपया घेत नाही,’ हा मंडळाचा जुना युक्तिवाद आहे. रोख रकमेपुरता तो खरा धरू. पण बाकीचं काय?

फेब्रुवारी १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवा. हिरो कप कुणी दाखवायचा यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि माहिती व प्रसारण मंत्रालय यांच्यात वाद होता. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठावर होते. प्रसारणाच्या लहरी (एअरवेव्ह्ज) ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं न्यायालयानं सांगितलं. त्या निकालानं क्रिकेट संघटनांना दूरदर्शनच्या बाहेरचं दार उघडून दिलं. आजच्या हजारो कोटींची सुरुवात त्या दारातून झाली. मालमत्ता लोकांची आहे, असं म्हणून जो हक्क मिळवला, त्या हक्काच्या कमाईबद्दल लोकांनी विचारायचं नाही, हे मला पटत नाही.

पोलीस बंदोबस्ताचं घ्या. सामन्याच्या दिवशी वानखेडेच्या भोवती चर्चगेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत पोलीस उभे असतात. त्याचं शुल्क सरकार आकारतं. महाराष्ट्र सरकारनं जून २०२३ मध्ये हे दर कमी केले आणि तेही २०११ पासून मागील तारखेनं. त्यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. सरकारनं सोडून दिलेलं येणं हे आर्थिक साहाय्य नाही, तर मग काय आहे? मंडळाला धर्मादाय संस्था म्हणून मिळणारी आयकराची सवलत आहेच. २०२१ मध्ये मुंबईच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणानं आयपीएलमुळे क्रिकेट लोकप्रिय करण्याचा मूळ हेतू बदलत नाही, असं म्हटलं. ठीक, मान्य. पण धर्मादाय म्हणून सवलत घेणाऱ्यानं दात्याला हिशोब द्यावा, एवढी रीत आपल्याकडे गावच्या जत्रेची वर्गणीसुद्धा पाळते. जत्रा उठली की जमाखर्चाचा कागद देवळाच्या भिंतीवर लागतो.

आणि पाणी. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. पाच लाख लिटर पाणी होतं तिच्यात. त्या उन्हाळ्यात मुंबई, पुणे, नागपूरच्या खेळपट्ट्यांवर आयपीएलसाठी पाणी मारलं जाणार होतं. लोक उच्च न्यायालयात गेले आणि ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यावे, असा आदेश १३ तारखेला झाला. अंतिम सामना वानखेडेवरून बंगळूरला गेला. मला त्या वेळी वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण निर्णय बरोबर होता. मनाला लागलं ते वेगळंच. किती पाणी लागणार आणि ते कुठून आणणार, ही साधी माहिती मिळवायला माणसांना वकील करावा लागला.

माझाही एक अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच निवृत्त मंडळींनी एका क्रिकेट संघटनेला पत्र लिहिलं. नाव सांगत नाही, कुणाला दुखवायचं नाही. मैदानांवरच्या क्लबांत मुलींसाठी स्वच्छतागृहं नाहीत, खेळपट्ट्या राखणाऱ्या माळ्यांचे पगार तुटपुंजे आहेत, तर वरून येणाऱ्या निधीतला किती भाग मैदानांवर खर्च होतो, एवढं विचारलं होतं. दोन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं. आपण संघटनेचे सभासद नसल्यामुळे माहिती देता येत नाही. आमच्यातल्या एकानं पस्तीस वर्षं माळीकाम पाहिलं होतं. तो ते पत्र हातात घेऊन बराच वेळ बसून राहिला.

सभासद कोण, तर क्लब. क्लबांची मतं ज्याच्याकडे, संघटना त्याची. मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत २००१ मध्ये शरद पवारांनी अजित वाडेकरांना हरवलं, २०११ मध्ये विलासराव देशमुखांनी दिलीप वेंगसरकरांना आणि २०२२ मध्ये अमोल काळे यांनी संदीप पाटलांना. जिंकलेल्यांनी कामं केली नाहीत असं मी म्हणत नाही, काहींनी खूप केली. पण वेस्ट इंडीज आणि इंग्लंड एकाच वर्षी जिंकून आणणारा कर्णधार, लॉर्ड्सवर तीन शतकं ठोकणारा फलंदाज आणि विश्वविजेत्या संघातला खेळाडू, असे तिघं आपल्याच शहरात मतं मिळवू शकले नाहीत. खुर्चीची ओढ एवढी का, याचं उत्तर जमाखर्चात सापडेल. तो लोकांना वाचता आला पाहिजे.

पैसा कुणाला आधी पोचतो, हे २०२० च्या साथीत दिसलं. आयपीएल १९ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर संयुक्त अरब अमिरातीत खेळली गेली. २०२०-२१ ची रणजी स्पर्धा मात्र झालीच नाही, १९३४-३५ पासून पहिल्यांदा. त्या हंगामाची निम्मी भरपाई देण्याची घोषणा सप्टेंबर २०२१ मध्ये झाली. मधल्या काळात माझ्या ओळखीचा एक रणजीपटू मेव्हण्याच्या दुकानात हिशोब लिहीत होता. साथीत कठीण निर्णय घ्यावे लागले असतील, मला कळतं. पण ते कोणत्या बैठकीत झाले, किती रक्कम शिल्लक असताना झाले, हे त्या मुलाला विचारता यायला हवं होतं.

तुम्ही म्हणाल, मंडळाचं लेखापरीक्षण होतं, हिशोब सर्वसाधारण सभेत मांडले जातात. होय. पण ती एकाच संघाची वही झाली. दुसरी वही टेबलावर नाही.

म्हणून मागणी पुन्हा, नेमक्या शब्दांत. मान्यताप्राप्त क्रीडा संघटनांना सरसकट माहिती अधिकार लागू करणारी मूळ तरतूद दुरुस्ती विधेयकाद्वारे परत आणा. तोवर ‘आर्थिक साहाय्य’ या शब्दांत करसवलत, सवलतीचे भाडेपट्टे आणि माफ केलेलं बंदोबस्त शुल्क धरलं जाईल, असा खुलासा मंत्रालयानं करावा. राज्य संघटनांनाही तोच नियम असावा, कारण मुलांची निवड आणि मैदानांची देखभाल तिथेच ठरते. संघनिवडीची चर्चा, खेळाडूंची वैद्यकीय माहिती, लिलावाआधीची बोली हे गुप्त राहू द्या, माहिती अधिकाराच्या कायद्यातच त्याला अपवाद आहेत.

माझ्या वह्या अजून माळ्यावर आहेत, एकतीस हंगामांच्या. काही पावसानं फुगल्या आहेत, शाई पसरली आहे, पण बेरजा जुळतात. कुणाला पाहायच्या असतील तर घर दादरला आहे, शिवाजी पार्कपासून चालत सात मिनिटं. आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक निवृत्त स्कोअरर
दादर, मुंबई